काढा, पात आणि माझी माय

कुळथीचा काढा कोहळ्याच्या वेलीला घालतात, हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर कळलं. सकाळी मी मागची पडवी झाडत होते. घरामागच्या वाडीत कुंपणापाशी माझी सासू पाठमोरी उभी, हातात काढ्याचं पातेलं, आमच्याकडचा गंज. मला वाटलं पिऊन राहिली आहे. मनात म्हटलं, वा, किती शहाणी झाली म्हातारी! मग बघते तर गंज वाकडा झाला आणि मी आदल्या संध्याकाळी भिजत घातलेल्या, सकाळी उठून मंद आचेवर आटवलेल्या कुळथीचं पाणी कोहळ्याच्या बुडाशी धो धो. वरून पायानं माती सारली. पुरावा नको ना!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माय! हे काय करून राहिल्या तुमी?"

ती दचकलीसुद्धा नाही. रिकामा गंज पदराला पुसत म्हणाली, "वेल वाळून राहिली होती."

आषाढ महिना. दोन्ही बाजूंच्या पन्हाळी गळत होत्या, अंगणात पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतत होता, आणि म्हणे वेल वाळून राहिली होती. मी झाडू तिथंच आपटला. त्या काढ्यावर माझ्या सासूची किडनी अवलंबून होती असं नाही, पण तिच्या किडनीसाठी मी जी लढाई चालवली होती तिच्यात तो काढा म्हणजे माझा झेंडा होता. आणि झेंडा असा कोहळ्याला!

सासूला आमचं सारं घर 'माय' म्हणतं, मीही म्हणते. माझं माहेर बपेऱ्याकडचं, मध्यप्रदेशाला टेकलेलं. लग्न होऊन करडीला आले तेव्हा या बाईचा दरारा पाहून माझी बोबडी वळली होती. माय रोवणीच्या, म्हणजे धान लावणाऱ्या बायांच्या टोलीची म्होरकी. आमच्याकडं धानाच्या शेताला बांधी म्हणतात. बांधीत चिखल झाला की बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी, आणि रोप टोचत टोचत मागं सरकतात. ती ओळ म्हणजे पात. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या बाजूला, पातीच्या कोपऱ्यावर जी उभी राहते तिच्या हाताच्या वेगानं बाकीच्यांनी चालायचं. तो कोपरा मायचा. एकदा पात लागली की मागच्या धुऱ्याला पाठ टेकेपर्यंत कुणी उठत नाही. मधेच कंबर सरळ केली तरी हशा होतो, "थकली वं बाई, नवरीच हाय अजून!"

आणि माय रोवणीत पाणी पीत नसे. सकाळी घरून निघताना चहाचा घोट, दुपारी शिदोरी खाताना कोरडा घास उतरावा म्हणून दोन घोट, बस्स. संध्याकाळी घरी आली की तांब्याच्या तांब्या रिचवायची. बाया कौतुकानं सांगायच्या की म्होरकीनं दिवसभर पाण्याला तोंड नाही लावलं. हे कौतुक ऐकून मलाही सुरुवातीला वाटायचं, काय जबरदस्त बाई आहे. आता ते कौतुक आठवलं की दात खायला होतं.

कंबरदुखी तर रोवणीच्या बाईला असतेच. मायनं त्यावर किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी धरली होती. चहासोबत गोळी, जेवल्यावर गोळी. कधी कुशीत कळ आली, कधी लघवीला आग झाली, तर त्यालाही तीच गोळी. मागच्या हिवाळ्यात, धानाचं चुरणं चालू असताना, ती खळ्यावर पोट धरून खाली बसली आणि पुन्हा उठेना. माझ्या नवऱ्यानं तिला उचलून गाडीत घातलं आणि आम्ही तिघं भंडाऱ्याला गेलो.

डॉक्टर तरुण होते, पण बोलायला सरळ. सोनोग्राफी पाहून त्यांनी कागदावर दोन घेवड्याचे दाणे काढावे तशा दोन किडन्या काढल्या. डावीवर काट मारली. म्हणाले, "इथं खडा केव्हाचा अडकून बसलाय. मागं लघवी तुंबून तुंबून ही गेल्यातच जमा आहे. उजवीत बारीक खडे आहेत, पण ती काम करतेय. रक्ताचा रिपोर्ट अजून बरा आहे तो तिच्या जिवावर. आता तुमच्या घरात एकच काम. उजवी वाचवायची."

ती कशी वाचवायची तेही त्यांनी सांगितलं. पाणी भरपूर आणि दिवसभर. लघवी अजिबात रोखायची नाही. अंगदुखीच्या गोळ्या बंद म्हणजे बंद. मीठ कमी. कुणी दिलेली पुडी, भस्म, जडीबुटी तोंडात घालायची नाही. लघवी हा शब्द निघाल्यावर माझा नवरा टेबलावरचा पेन बघायला लागला आणि मायनं पदर नाकापर्यंत ओढला. मी मात्र विचारलं, "डॉक्टरसाहेब, कुळथीचा काढा चालते का? आमच्याकडं खड्यावर तोच देतात."

"चालेल," ते म्हणाले. "कुळीथ आहे, जेवणातलीच वस्तू. आपण रक्त तपासत राहू, गरज पडली तर थांबवू. पण काढ्यानं गेलेली किडनी परत येत नाही, हे डोक्यात ठेवा. काढ्याचा फायदा एवढाच धरा की त्या निमित्तानं पोटात पाणी जाईल."

परत येताना गाडीत माय खिडकीतून बाहेर बघत होती. मोहाडीच्या पुढं आल्यावर एकदम म्हणाली, "डावी कोनती वं? ज्या कुशीत दुखते थे का?" मी हो म्हटलं. तिनं त्या कुशीवर हात ठेवला आणि गाव येईपर्यंत काढला नाही.  आणि तिथंच मी मनाशी पक्कं केलं, उजवी जाऊ द्यायची नाही. काय वाट्टेल ते होवो.

मग मी जो चंग बांधला, त्यात घरातल्या कुणालाच सूट नव्हती. आधी किराणा दुकानात गेले. दुकानदाराला साऱ्या गिऱ्हाइकांपुढं सांगितलं, "माह्या सासूले गोळी देशीन त याद राख." तो बिचारा म्हणाला, "वहिनी, मी कायले देऊ?" म्हटलं, "आजपावतर तूच देत होता ना?" घरातलं लोणचं, पापड, सुकट उंच फळीवर गेलं. पेजेत मीठ नाममात्र. माय पहिला घोट घेऊन म्हणायची, "हे पेज हाय का भांडे धुतलेलं पानी?" मी म्हणायची, "भांडे धुतलेलं पाणी असलं तरी प्या."

आजारी माणूस घरात असला की औषधं पायी चालत येतात. सानगडीहून नणंद आली ती सराट्याचे काटे घेऊन, त्यालाच गोखरू म्हणतात. शेजारच्या काकीनं कुंडीतल्या पानफुटीची पानं तोडून आणली. कुणी मक्याच्या कणसाचे केस वाळवून दिले, कुणी जवाचं पाणी सांगितलं. मी सगळ्यांची यादी तोंडपाठ करून पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. त्यांनी काही ठेवलं, काही काढलं. जवाचं पाणी राहिलं, धन्याचं राहिलं, गोखरू नको म्हणाले. नणंद रुसली. तिला म्हटलं, बाई, तुझ्या मायची एकच उरली आहे, तिच्यापुढं तुझा-माझा मानपान नको काढू. एका दूरच्या पाव्हण्यानं बाजारातल्या बाबाची काळी पुडी आणली होती, मोठ्या भक्तिभावानं. ती मी त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत टाकली. तो पाव्हणा आजही आमच्या घरी चहा घेत नाही. न घेवो.

फाल्गुनात धुऱ्यावरचे पळस पेटले तशी मी फुलं गोळा करून सावलीत वाळवली. आमच्याकडं जुन्या बाया लघवी अडली की पळसाची फुलं वाफवून ओटीपोटावर बांधतात. संध्याकाळी ती कोमट फुलं फडक्यात घेऊन मी मायच्या पोटावर ठेवायची. त्यानं किडनीला काय होतं ते देव जाणे. पण मायचा चेहरा सैल व्हायचा आणि ती जुन्या गोष्टी सांगायची, तेवढ्यासाठी तरी मी ते करत राहिले. डॉक्टर म्हणाले, वरून लावताय ना, लावा.

उन्हाळा छान गेला. मोहफुलं वेचायला माय जंगलात जायची ती पाण्याची कॅन खांद्याला अडकवून. काढा सकाळी न कुरकुरता. रक्ताचा रिपोर्ट जिथल्या तिथं, डॉक्टर खूश. मी तर गावात मिरवतच होते. घरी मी शिलाई करते, ब्लाऊज घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी किडनीवर भाषण द्यायची. एक जण तर म्हणाली, "बाप्पा, ब्लाऊज शिवते का डॉक्टरकी करते?"

आणि रोवणी लागली. आणि काढा वेलीला गेला.

त्या सकाळी आमचं असं भांडण झालं की शेजारची काकी कुंपणावरून वाकून ऐकत होती. "काहून फेकला?" "कडू लागते." "उन्हाळाभर नाई लागला कडू?" "तवा नाई लागला." नवरा मधे आला, दोघींकडं पाहिलं आणि "तुमचं तुमी पाहा" म्हणत सटकला. हा माणूस एरवी मोठा शूर आहे. माय शिदोरी घेऊन निघून गेली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. रागापेक्षा मला भीती वाटली. कडू लागतो म्हणून औषध टाकणारी ही बाई नव्हे. कडुलिंब चावून खाणारी बाई ही. मग काहून?

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर कापड झाकलं आणि टोलीसोबत निघाले. शिलाई सुरू केल्यापासून मी रोवणीला गेले नव्हते. बायांना मजा वाटली. "आज टेलरीन आली वं चिखलात!" माय आपल्या कोपऱ्यावर जाऊन वाकली. मी कमरेला पाण्याची बाटली बांधली होती, मुद्दाम. पात धुऱ्याला लागली की मी मायपुढं बाटली उंच करून गटागटा पाणी प्यायची आणि तिच्यापुढं धरायची. ती मान फिरवायची. बाया हसायच्या. मी पुन्हा प्यायची. घ्या म्हटलं, मी दाखवते तुम्हाला पाणी कसं पितात ते!

दुपार व्हायच्या आत माझी गंमत झाली. पोट तट्ट फुगलेलं आणि वाकून उभं राहायचं. मी कंबर सरळ केली आणि चौफेर नजर टाकली. आणि तेव्हा मी ते शिवार पहिल्यांदा पाहिलं, खरं पाहिलं. सारं सपाट. बांध्याच बांध्या आणि त्यांत पाणी, त्यापलीकडं पुन्हा बांध्या. धुऱ्यावर तूर लावलेली, पण ती बोटभर उगवलेली. एका अंगाला डांबरी रस्ता, त्यावरून मोटारसायकली. शेजारच्या बांधीत ट्रॅक्टर चिखल करतोय, त्यावर दोघं पुरुष. आमच्याच धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकणारे आणखी दोघं. झुडूप नाही, भिंत नाही, खड्डा नाही. कापणीच्या वेळी धान कमरेएवढा असतो, बाई त्यात कुठंही बसते. मोहफुलाला जंगल असतं. रोवणीच्या वेळी मात्र या सगळ्या उघड्या आभाळाखाली बाईच्या जातीला लपायला चिमणीएवढी जागा नाही.

मी मायच्या कानाशी वाकले. "माय, तुमी कुठं जाता?"

"कुठंच नाई," ती म्हणाली. हात थांबला नाही. "घरी गेल्यावर."

मला नाल्याच्या पुलाखाली जावं लागलं. चिखलातून, धुऱ्याधुऱ्यानं, इतकं लांब की जाऊन येईपर्यंत पात पुढं निघून गेली होती आणि माझ्या जागेचा पट्टा पडलेल्या दातासारखा उघडा दिसत होता. पेंढ्या फेकणारा एक जण दात काढत म्हणाला, "वहिनी भंडाऱ्याले जाऊन आली का?" मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याच्या हातातली पेंढी खाली पडली.

संध्याकाळी घरी चालत येताना सगळं डोक्यात जुळत गेलं. काढा पोटात गेला की लघवी लागते, त्यासाठीच तर देतात. उन्हाळ्यात लागली तर बसायला जागा होती, म्हणून प्यायली. रोवणीत लागली तर बांधीत उभ्यानं मरायचं, म्हणून वेलीला घातला. आणि मी मेली तिला हट्टी म्हणत होते! डॉक्टरांनी पाणी सांगितलं, मीठ सांगितलं, गोळ्या सांगितल्या. बसायचं कुठं, ते नाही सांगितलं. त्यांनी तरी कुठं रोवणी केली आहे? आणि टोलीतल्या सगळ्याच बाया हेच करत होत्या. पिढ्यानपिढ्या. कुणी म्हणून तोंडातून शब्द काढला नव्हता.

मी घरात शिरल्या शिरल्या पेटी उघडली. मायची जुनी, विटलेली लुगडी काढली. जाडसर, अंगातून पलीकडचं दिसणार नाही अशी. मशीनवर बसून दुपदरी शिवली, कडेनं काठीसाठी नेफे घातले. नवऱ्याला म्हटलं, "बांबू पाहिजे." तो म्हणाला, "कायले?" सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला, पण गडी उठला. चांगले सरळ बांबू तासून, टोकं अणकुचीदार करून आणले, चिखलात रोवता येतील असे. उचलायला हलकं, कुठंही उभं करता येईल असं चारी बाजूंनी बंद खोपटं झालं. छप्पर नव्हतं, पाऊस पडला तर पडो.

माय ते बघून संतापली. "हा काय तमाशा हाय? गावभर हसतीन लोकं. म्होरकीची सून पडदे घेऊन फिरते म्हनतीन."

"हसू द्या. हसून कुणाची किडनी जात नाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते खोपटं माझ्या डोक्यावर टोलीसोबत जायला लागलं. पहिल्या दिवशी त्यात फक्त मी गेले. बायांनी खाकरून, टाळ्या वाजवून माझी वरात काढली. मी आतून ओरडले, "हसा, हसा, संध्याकाळी आग झाली का माह्याच दारात येसाल." मग एक नवी लग्न झालेली पोरगी हळूच गेली. तिच्यामागं तिची जाऊ. मग आणखी. पण सगळ्या जायच्या त्या पात धुऱ्याला लागल्यावर, घाईघाईत, चोरासारख्या. आणि पाणी कुणीच जास्त पीत नव्हतं, कारण पात लागलेली असताना उठणं नाही ते नाहीच. बाया तरी काय करणार, त्यांची नजर कोपऱ्यावर. आणि कोपऱ्यावर माय, जी एकदाही उठली नाही.

मी तिच्याशी भांडले, विनवलं, शपथ घातली. एकदा ती म्हणाली, "तुले समजत नाई काहून? मी उठली का सारी पात उठते. पात उठली का आजची बांधी राहते. माह्या हातानं आजपावतर बांधी राहिली नाई." पाण्याची कॅन मी तिच्या कोपऱ्याला धुऱ्यावरच ठेवायची. ती उचलायची, चूळ भरायची आणि थुंकून द्यायची. मला रडू यायचं. चिखलात वाकून रडलं तर कुणाला दिसत नाही, तेवढीच एक सोय.

मग एका दुपारी, भर पावसात, मी पाहिलं की मायच्या हातातून पऱ्हे गळून पडत आहेत. ती वाकलेली, हात चालूच, पण रोप चिखलात उभं राहतच नाही. जवळ गेले तर दात वाजत होते. सगळ्यांना वाटलं पावसानं काकडली. मी तिचा हात धरला आणि मला चटका बसला. "माय, ताप हाय तुमाले!" ती म्हणाली, "हे पात होऊ दे." मी तिच्या हातातली पेंढी हिसकावून लांब फेकली. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्यावर असा आवाज चढवला की ट्रॅक्टर बंद झाला.

भंडाऱ्याला नेलं तर लघवीचा जंतुसंसर्ग वर उजव्या किडनीपर्यंत गेला होता. सलाईन, इंजेक्शनं, रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला. डॉक्टरांचा नेहमीचा हसरा चेहरा नव्हता. ते मायच्या खाटेपाशीच बोलले, तिच्याशीच. "आजी, ह्या वेळी सावरेल. पुन्हा असं झालं तर ही पण जाईल. मग मशीन. आठवड्यातून दोन-तीनदा इथं येऊन नळ्या लावून पडून राहायचं. कळलं?"

मायनं मान हलवली. डॉक्टर गेल्यावर नवरा म्हणाला, "बस झालं. आता रोवणी बंद. जिंदगीभर बंद. घरी राहाचं." तो चुकीचं बोलत नव्हता.  पण मायनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. त्या बाईला मी सासरे गेले तेव्हाही हुंदका देताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती तोंडात पदर कोंबून रडली.

मला नवऱ्याचं पटत होतं आणि तरी पटत नव्हतं. घरात खाटेवर बसवलेली माय मला डोळ्यांपुढं आणवेना. ती उजवी किडनी मला तिच्यासाठी वाचवायची होती, खाटेसाठी नव्हे. मी म्हटलं, "रोवणी बंद नाई होनार. रोवणीत पाणी सुरू होईन."

"तू पागल झाली का?" नवरा.

मी खाटेच्या पलीकडं गेले, भिंतीकडच्या बाजूला, म्हणजे तिला माझ्याकडं बघावंच लागेल. "माय, आयका. डॉक्टर हो म्हनतीन तवाच जायचं. कोपरा तुमचाच. पन लागलं का उठाचं. पात गेली खड्ड्यात. नाई उठल्या त मी तिथंच, त्याच बांधीत, साऱ्या गड्यांपुढं बसते. मंग होऊ द्या तुमच्या घरान्याचा उद्धार."

तिनं डोळे पुसले. माझ्याकडं टक लावून पाहिलं. "बसशीन तू," ती म्हणाली. "तुहं काई सांगता येत नाई." आणि त्या सलाईनच्या खाटेवर, रडून सुजलेल्या तोंडानं, फिसकन हसली. नवरा बाहेर निघून गेला. त्याला हे बायकांचं राजकारण झेपत नाही.

औषध पूर्ण झालं, रिपोर्ट पुन्हा ताळ्यावर आला, डॉक्टरांनी हजार अटी घालून हो म्हटलं. तोवर रोवणी सरत आली होती, तलावाच्या खालच्या अंगाच्या उशिरा भरणाऱ्या बांध्या तेवढ्या राहिल्या होत्या. निघायच्या सकाळी मी काढा गंजात ओतून ठेवला आणि मुद्दामच बाहेर गेले, पहारा नको म्हणून. परत आले तर माय उंबऱ्यात उभी राहून काढा पीत होती. सगळा. शेवटी तोंड वाकडं केलं. "कडूच हाय," म्हणाली. कुळथीचा काढा कडू नसतो, पण मी वाद घातला नाही.

खोपटं धुऱ्यावर उभं केलं. पात लागली. माय कोपऱ्यावर, मी तिच्या शेजारी. शेजारच्या बांधीत ट्रॅक्टर, धुऱ्यावर पेंढ्या फेकणारे तेच दोघं. मागचा धुरा अजून लांब होता. मी रोप टोचत होते, पण माझं सगळं लक्ष तिच्या हातांकडं. ते हळू झाले. एकदा थांबले. पुन्हा चालले. मला वाटलं, गेलं, आता ही दात खाऊन तशीच राहणार आणि मला खरंच चिखलात बसावं लागणार. मी तयारीनं पदर खोचला.

माय सरळ उभी राहिली. बांधीच्या मधोमध. सगळी पात थबकली. बाया वाकल्या वाकल्या माना वळवून तिच्याकडं बघायला लागल्या. तिनं हातातली पेंढी चिखलात खोचून ठेवली, कमरेवर हात घेतले आणि शिवारभर ऐकू जाईल अशा आवाजात, जो आवाज ती एरवी पात हाकायला वापरायची, म्हणाली, "चला वं साऱ्याजनी! मुतून येऊ. मंग पानी पेऊ."

कुणी हसलं नाही. पेंढ्या फेकणाऱ्यांनी एकदम पाठी फिरवल्या आणि रस्त्याकडं बघायला लागले. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर वळवून पलीकडच्या कोपऱ्याला नेला. मायची जुनी जोडीदारीण, तिच्याच वयाची, अजून वाकलेलीच होती. ती घाबरून म्हणाली, "अवं, पात अर्धी हाय!"

"राहू दे," माय म्हणाली. "पात उद्या बी रोवता येते. माही उजवी मले कोन रोवून देईन?"

ती लुगडं सावरत धुऱ्याकडं निघाली. जोडीदारणीनं पेंढी टाकली, आणि मग एकेक करून सगळ्या उठल्या.